त्रेसष्ट, अरवत्तमूरु आणि दुसरीचा वर्ग

दुसरीच्या वर्गात बाईंनी ‘त्रेसष्ट’ सांगितलं की पाट्यांवर हमखास दोन उत्तरं दिसतात, ६३ आणि ३६. छत्तीस लिहिणारं पोर गणितात कच्चं, असं आपण ठरवून मोकळे होतो. खरं तर त्यानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. ‘त्रे’ आधी कानावर आला, म्हणून तीन आधी.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट. म्हणजे तीन डोक्यात धरून ठेवायचा, साठ ऐकू येईपर्यंत थांबायचं, सहा लिहायचा आणि मग धरलेला तीन. सात वर्षांच्या मुलाच्या तात्पुरत्या स्मृतीवर हा चांगलाच भार आहे. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथल्या मुलांकडूनही अंकांची अशीच उलटापालट होते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

त्यात आपली संख्यानामं मुलखाची लहरी. तीनचे अवतार बघा: तेवीस, तेहतीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. साठचा ‘सष्ट’ होतो, सत्तरचा ‘हत्तर’. नियम हाताशी लागत नाही, म्हणून जवळजवळ शंभर नावं पाठच करावी लागतात. सगळ्यात वाईट ‘एकोण’. एकोणसत्तर ऐकलं की कानात सत्तर घुमतो, मूल सात लिहितं, पुढे नऊ ठेवतं आणि ७९ करून मोकळं होतं.

इथं कर्नाटकातल्या सीमाभागात मराठी मुलाच्या कानात मात्र दुसरीही एक मोजणी पडत असते, कन्नडची. घरी, गल्लीत मराठी. खानापूरहून बेळगावला निघालं की कंडक्टर ‘इप्पत्तैदु’ म्हणून तिकीट फाडतो. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. त्रेसष्टला ‘अरवत्तमूरु’: साठ आधी, तीन नंतर, जसं लिहायचं तसंच. एकोणसत्तर म्हणजे ‘अरवत्तोंबत्तु’, साठ आणि नऊ. वजाबाकीची भानगडच नाही.

नावांच्या रचनेनं खरंच फरक पडतो का, हे पाहायला वेल्स ही सोयीची जागा. तिथं काही मुलं वेल्शमधून शिकतात, काही इंग्रजीतून, अभ्यासक्रम मात्र एकच. आजच्या वेल्शमध्ये अकराला ‘एक दहा एक’ अशा धर्तीवर म्हणतात. ॲन डाउकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात एकूण गणितात दोन्ही गटांत मोठा फरक निघाला नाही. पण दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांची तुलना करण्यात वेल्श माध्यमाची मुलं सरस ठरली. तेव्हा सोपी नावं म्हणजे जादू नव्हे. ऐन दुसरीच्या उंबरठ्यावरचा अडथळा तेवढा ती कमी करतात.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आणलं, तर केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना मुलांची अडचण पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. इथल्या मराठी शाळांत पुस्तकं कर्नाटकाची, त्यामुळे तो वाद आपण लांबूनच पाहिला. पण नवी नावं घडवण्याची आपल्याला गरजच काय? कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड पहिलीपासून आहेच, आणि खालच्या वर्गांत नलि-कलि. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या या पद्धतीत मूल आपल्या वेगानं एकेक कार्ड पुरं करत पुढची पायरी चढतं. अशा वर्गात गणिताच्या कार्डाशी कन्नड मोजणी जोडायला वेगळा तास लागत नाही. काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि सुट्या तीन काड्या मांडायच्या, एकदा ‘अरवत्तमूरु’ म्हणायचं, लिहायचं आणि मग ‘त्रेसष्ट’. कन्नड अंक कन्नडच्या तासाला आणि मराठी अंक गणिताच्या तासाला, ही वाटणी मला तरी निव्वळ वेळापत्रकाची सोय वाटते.

त्रेसष्ट सोडून द्यावं असं नाही. एलिझाबेथ स्पेल्की आणि साना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की नेमकी आकडेमोड ज्या भाषेत शिकावी त्याच भाषेत ती चटकन आठवते. दुकानात अस्खलित कन्नड बोलणारे आपले काका बेरीज मात्र ओठांतल्या ओठांत मराठीत करतात, ते उगाच नव्हे. पाढे मराठीतच पाठ होणार असतील, तर मराठी नावं पक्की हवीतच.

आणि कन्नडही अगदी सरळ नाही. नऊ ‘ओंबत्तु’, ऐंशी ‘एंबत्तु’, नव्वद ‘तोंबत्तु’: तिन्ही कानाला इतके सारखे की मुलं तिथं नक्की घसरतात. तेव्हा पुन्हा काड्यांचे गठ्ठे काढावे लागतात.