बुटावरचं पांढरं नेमकं कशाचं?

जूनपासून रॅकच्या तळाशी पडलेले काळे बूट ऑगस्टात एका मुलाखतीसाठी बाहेर काढले, तर दोन्ही पांढरट. ओल्या फडक्याने पुसले, चकाचक झाले. सकाळी पांढरं पुन्हा हजर, आणि आता त्याला नागमोडी काठही आला होता. चामड्यावरचं पांढरं तीन निरनिराळ्या गोष्टींचं असू शकतं आणि तिन्हींचा इलाज वेगळा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बुरशी ओळखायला सोपी. ती कापसासारखी, ठिपक्याठिपक्यांनी येते आणि बूट नाकाजवळ नेला की कुबट वास मारतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की ॲस्परजिलस, पेनिसिलियम या बुरशींचं फावतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं त्यांना सहज पचत नाही. त्या जगतात त्यातल्या तेलावर, पॉलिशवर आणि आपल्या घामावर. ही कोरड्या ब्रशने झटकायची, पण घराबाहेर, नाहीतर बीजाणू शेजारच्या चपलांवर जाऊन बसतात.

दुसरं पांढरं चरबीचं. चामडं मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेल-चरबी मुरवतात. गारठ्यात त्यातली स्टिअरिक, पामिटिक ही मेदाम्लं वर येऊन गोठतात. हेअर ड्रायरची कोमट हवा दाखवा: डाग डोळ्यांदेखत विरघळून नाहीसा झाला, तर तो चरबीचा. मऊ फडक्याने पुसलं की काम झालं.

ड्रायरला दाद न देणारा पण ओल्या बोळ्याने विरघळणारा डाग क्षारांचा. माझा हाच होता, घामातल्या मिठाचा. टोरांटो-शिकागोकडच्या मराठी मंडळींना हा दर हिवाळ्यात भेटतो, कारण तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आता त्या नागमोडी काठाचं. चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. एकाच जागी पाणी लावलं की ते तंतूंमधून पसरतं, विरघळलेलं मीठ सोबत नेतं आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर उडून जातं. मीठ तिथेच उरतं. बशीखाली सांडलेला चहा सुकल्यावर कडेला गडद कडं राहतं, तसंच हे.

म्हणून डागापुरतं पुसायचं नाही. अख्खा बूट, टाचेपासून टोकापर्यंत, सारखाच दमट करायचा, म्हणजे सीमाच उरत नाही. पाण्यात थोडं व्हिनेगर चालतं, कारण कमावलेलं चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं. याच कारणाने कपड्यांचा साबण आणि सोडा मात्र त्याला सोसत नाही. (कोल्हापुरी वहाणांचं गणित आणखी वेगळं: बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या त्या चामड्याला ओलं लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांच्या जुन्या शाईचं रसायन हेच.)

वाळवायचं सावलीत. ओलं चामडं फार तापलं की कोलॅजन आकसतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, तेव्हा गॅसची शेगडी किंवा हीटर नको. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की ओल आतल्या बाजूनेही खेचली जाते आणि मीठ सगळं वरच्या अंगाला येत नाही.

तीनदा कागद बदलला, दोन दिवस गेले. मुलाखतीला धाकट्या भावाचे बूट घालून गेलो, एक नंबर मोठे.