अवरक्त किरणांसाठी पारदर्शक सिरॅमिक: कोणती सिंटरिंग पद्धत कशासाठी?

बेळगाव-खानापूर भागातील कौले भट्टीत पक्की होतात, तरी त्यांत बारीक छिद्रे राहतात आणि त्याने छपराचे काही बिघडत नाही. अवरक्त कॅमेऱ्यापुढे बसवायच्या सिरॅमिक खिडकीत मात्र हजारात एक भाग पोकळी उरली, तरी किरण विखुरतात. छिद्रांचा आकार तरंगलांबीच्या जवळपास असेल, तर फारच.

3 ते 5 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यासाठी मॅग्नेशियम ॲल्युमिनेट, म्हणजे स्पिनेल, वापरतात. त्यातील ॲल्युमिना बेळगावच्या हिंदाल्को कारखान्यातही बॉक्साइटपासून तयार होते. खिडकीसाठी मात्र अतिशुद्ध, अतिसूक्ष्म चूर्ण लागते. स्पिनेल सुमारे 2135 अंश सेल्सिअसला वितळते. सिंटरिंग, म्हणजे चूर्ण न वितळवता तापवून घट्ट एकसंध करणे, त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला होते: अणू कणांच्या सीमांवरून सरकतात आणि छिद्रे आकसतात.

दाबाविना, निर्वात भट्टीत केलेले सिंटरिंग सोपे असते आणि घुमटासारखे आकारही त्यात जमतात. अडचण शेवटच्या टप्प्यात येते, कारण कण भराभर वाढले तर छिद्रे सीमांपासून तुटून कणांच्या पोटात अडकतात आणि मग ती सहसा निघत नाहीत. तप्त दाबपद्धतीत ग्रॅफाइटच्या साच्यातून दाब देतात. सपाट चकत्यांना ती चांगली.

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये साच्यातूनच वीजप्रवाह जातो, तापमान मिनिटाला 100 अंशांनीही चढवता येते आणि कण वाढण्याआधीच काम आटोपते. मॅग्नेशिया-यिट्रिया (मॅग्नेशियम आणि यिट्रियम यांची ऑक्साइडे) मिश्रणाच्या सिरॅमिकमध्ये हा गुण मोलाचा ठरतो, कारण दोन्ही घटकांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने कण तरंगलांबीच्या मानाने खूपच लहान ठेवावे लागतात. पण ग्रॅफाइटचा कार्बन आत शिरतो, ऑक्सिजनची उणीव निर्माण होते आणि चकती काळवंडते; नंतर ती हवेत तापवून सुधारावी लागते. मोठ्या चकतीत मध्य आणि कड यांचे तापमान सारखे राखणेही कठीण.

माझ्या मते मोठ्या घुमटांसाठी दोन टप्प्यांचा मार्ग अधिक भरवशाचा आहे: आधी दाबाविना सिंटरिंग करून छिद्रे बंद करायची, मग 100 ते 200 मेगापास्कल दाबाच्या आर्गॉनमध्ये सर्व बाजूंनी दाबायचे. छिद्रे उघडी राहिली तर वायू आत शिरतो आणि दाब निष्फळ ठरतो, म्हणून पहिला टप्पा निर्णायक असतो.

पद्धतींची तुलना करताना जाडी आणि तरंगलांबी न सांगता दिलेली पारगमनाची टक्केवारी स्वीकारू नये. निर्दोष स्पिनेलमधूनही दोन्ही पृष्ठांवरील परावर्तनामुळे मध्य-अवरक्तात सुमारे 87 टक्केच किरण पार जातात. शिवाय अतिसूक्ष्म छिद्रांमुळे होणारे विखुरण तरंगलांबी वाढताच झपाट्याने घटते, त्यामुळे डोळ्यांना धूसर दिसणारी चकतीही 4 मायक्रॉनला उत्तम असू शकते.