डोळे मिटले की गॅस आठवतो

ध्यानाला पहिल्यांदा बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत काय काय आठवतं, याची कुणी यादी केली तर ती घरोघरी सारखीच निघेल. गॅस बंद केला का? दूधवाल्याचे पैसे राहिले. काल मीटिंगमध्ये तसं बोलायला नको होतं. मग कधीतरी ध्यानात येतं की आपण श्वासाकडे लक्ष द्यायला बसलो होतो, आणि पाठोपाठ निकालही लागतो: आपल्याला हे जमायचं नाही. कोथरूडच्या सोसायट्यांच्या हॉलपासून हिंजवडीतल्या कंपन्यांपर्यंत सध्या माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचे, वर्ग चालतात. मध्येच सोडून देणारेही तितकेच भेटतात, आणि बहुतेक जण कारण हेच सांगतात.

हा निकाल घाईचा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा खातो. अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च फार तर ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे आपण नुसते बसलेलो असतो तेव्हाही आत बरंच काही चालू असतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की, हातातलं काम थांबलं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त कामाला लागतात. या भागांच्या जाळ्याला आता ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, स्वतःविषयीचे विचार, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचे अंदाज, हे सगळं या खात्यात येतं. डोळे मिटून गप्प बसायचं म्हणजे या जाळ्याला मोकळं रान देण्यासारखंच.

ध्यानाला न बसणाऱ्यांची गतही वेगळी नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. प्रणयाचा अपवाद सोडला तर असं एकही काम सापडलं नाही, ज्यात मन किमान ३० टक्के वेळा दुसरीकडे गेलेलं नव्हतं. ध्यानाला बसल्यावर आपण काही जास्त भरकटत नाही. भरकटलेलं तेवढं पहिल्यांदा दिसतं.

या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला प्रयोग. वेंडी हेझनकँप यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि २० मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मन भटकलंय असं कळलं की हातातलं बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. ही सरावलेली माणसं सरासरी दर ८० सेकंदांच्या आसपास बटण दाबत होती! २०१२ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात एका फेरीचे चार टप्पे मेंदूच्या चित्रांत वेगवेगळे दिसले. मन भटकतं तेव्हा डिफॉल्ट जाळं जागं असतं. ‘अरे, भटकलो’ हे कळण्याच्या क्षणी दुसरंच जाळं चमकतं, ज्याचं काम महत्त्वाचं काय ते टिपण्याचं. लक्ष वळवताना आणि टिकवताना कपाळामागच्या भागांची पाळी येते. आता बघा, नवशिका ज्या क्षणी स्वतःला नापास करतो तो नेमका दुसरा टप्पा आहे. तिथूनच लक्ष परत आणता येतं आणि सराव होतो तो त्याचाच. मन भटकलंच नाही तर परत आणायचं काय?

विचार जोर लावून थांबवायला जाणाऱ्यांचे जास्त हाल होतात. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. नंतर मुभा दिल्यावर तर, आधी न अडवलेल्यांपेक्षा या मुलांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. नको असलेला विचार आला का, हे तपासायचं तर मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो, असं वेगनर यांचं स्पष्टीकरण होतं.

पुण्यात आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते ती आवाजाची. सकाळी साडेसातला बाल्कनीशेजारी बसलात, तर खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नसते, कचरा घ्यायला आलेल्या ताईंची हाक येते, शेजारी कुकर लागलेला असतो. पण नीट पाहिलं तर पहिल्या शिट्टीने फारसं बिघडत नाही. दुसऱ्या शिट्टीला आपण मोजायला लागतो, आणि तिसरी झाल्यावर ‘आता बंद कोण करणार’ म्हणून शेजाऱ्यांचा संसार चालवायला घेतो. आवाज दोन सेकंदांचा, बाकीची दोन मिनिटं आपली. म्हणून काही शिक्षक सुरुवातीला श्वासाऐवजी आवाजच ऐकायला लावतात. शहरातल्या माणसाला हे मला जास्त सोयीचं वाटतं.

श्वासाचा घोळ मात्र खरोखरच चमत्कारिक आहे. लक्ष गेलं की तो अवघडतो, खोल जातो, मुद्दाम घेतल्यासारखा होतो. हृदयाचे ठोके मोजायला बसलात तरी ते तुमच्या ताब्यात येत नाहीत, श्वास येतो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो ना, तशी इथे दोघांची सोय आहे. मेंदूच्या खालच्या टोकाला असलेल्या मस्तिष्कपुच्छातला चेतापेशींचा एक लहानसा पुंजका झोपेतही ताल धरून असतो, तर बोलताना, गाताना, पोहताना प्रमस्तिष्काचा, म्हणजे मोठ्या मेंदूचा, वरचा थर मध्ये पडून हुकूम देतो. नवशिका बघायला जातो आणि नकळत ब्रेकवर पाय ठेवतो. त्यातून कुणी गरजेपेक्षा जास्त खोल श्वास घेत राहिलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. काहींना तो साक्षात्कार वाटतो, काहींना हार्ट अटॅक. अशा वेळी श्वासावरचं लक्ष काढून घ्यावं आणि जमिनीला टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष न्यावं. पुंजका आपलं काम आपण करतो.

झोपेबद्दल फार लिहायला नको. दुपारी जेवून ध्यानाला बसणं म्हणजे वामकुक्षीच, आणि जेवण हलकं असलं तरी दुपारी जागेपणा ओसरतोच, कारण शरीराचं घड्याळच तसं आहे. रात्रीची झोप अपुरी असेल तर आधी झोपा.

पाय मात्र महत्त्वाचे. मांडी घालून बसल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला अगदी लगटून जाणारी चेता दबते. तिचा रक्तपुरवठा अडतो, पाय बधिर होतो. दाब निघाला की ती चेता स्वतःहूनच संदेश पाठवत सुटते, त्या मुंग्या. थोड्या वेळात जिरत असतील तर काळजी नको. गुडघ्याच्या आत कळ येत असेल तर ती सहन करण्यात कसलीही साधना नाही. खुर्चीवर बसायला अनेकांना कमीपणा वाटतो. याच शहरात बी. के. एस. अय्यंगार यांनी विटा, पट्टे, घोंगड्या आणि खुर्च्या घेऊन जगाला योगासनं शिकवली, मग पुणेकराला खुर्चीची लाज कशाला?

इथवरच्या अडचणींसोबत बसता येतं. एक अडचण निराळी आहे. डोळे मिटल्यावर छातीत धडधड वाढणं, जुना आघात अंगावर येणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं. २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांमध्ये त्रासदायक परिणामांची नोंद आढळली. त्यांत चिंता आणि नैराश्य सर्वांत पुढे होतं. ‘येऊ दे, बघत राहा’ हा सल्ला इथे धोक्याचा ठरू शकतो. डोळे उघडावेत, उठून चालावं, बैठकी छोट्या कराव्यात, आणि त्रास टिकला तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. इगतपुरीला किंवा आळंदीजवळ मरकळला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं ठरवलं असेल, तर अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात. तिथे खरं लिहा. दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं, आणि ते घरातल्या दहा मिनिटांपेक्षा फार वेगळं प्रकरण आहे.

किती दिवसांत फरक पडतो, हा प्रश्न उरतोच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी सुरू केलेला माइंडफुलनेसचा कार्यक्रम आता आठ आठवड्यांचा असतो, घरचा सराव जवळपास रोज पाऊण तास. त्यामुळे चौथ्या दिवशी ‘काहीच वाटत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. मात्र अपेक्षाही बेताची हवी. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी थोडी सुधारणा दिसली. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मात्र मिळाला नाही. रोज पहाटे वेताळ टेकडी चढणाऱ्याने ती सोडून डोळे मिटून बसावं, असं या आकड्यांवरून कुणी सांगू शकणार नाही.