मोटार ‘बंद होती’ की ‘बंद पडली’? इंग्रजीतल्या ‘दॅट’नंतरचा भूतकाळ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत दहावीच्या इंग्रजीची तयारी करून घेताना अप्रत्यक्ष कथनाचा, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगण्याचा, एक तक्ता मुलांकडून घोकून घेतला जातो: ‘इज’चे ‘वॉज’ करा, ‘विल’चे ‘वुड’ करा, साध्या भूतकाळाला ‘हॅड’ लावा, अवतरणचिन्हे काढून तिथे ‘दॅट’ लिहा. तक्त्याने गुण मिळतात, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर मुलांच्या मनात असाही समज घट्ट बसतो की इंग्रजीचे काळाचे नियम समजून घेण्याजोगे नाहीत, ते केवळ पाठ करायचे असतात. हा समज साफ चुकीचा आहे. ‘दॅट’नंतरच्या भूतकाळामागे अत्यंत नेटकी रचना आहे, आणि ज्यांना आपण फ्रेझल व्हर्ब म्हणतो त्या जोडक्रियापदांत ती सर्वांत स्पष्ट दिसते.

आधी आपण काय करतो ते पाहू. शेतातून मुलगा सांगतो, “मोटार बंद आहे.” त्याची आई शेजारी सांगते, “पोरगा म्हने का मोटर बंद हाय.” वऱ्हाडीतल्या या ‘का’च्या जागी प्रमाण मराठीत ‘की’ येतो, पण दोन्हीकडे मुलाच्या तोंडचा वर्तमानकाळ जसाच्या तसा राहतो. बोलणे काल झालेले असले तरी आतल्या वाक्याचा काळ आपण मुलगा बोलला त्या क्षणापासून मोजतो. रशियन आणि जपानी भाषांतही साधारणपणे हीच रीत आहे. इंग्रजीत मात्र मुख्य क्रियापद भूतकाळी असले की ते आतल्या क्रियापदालाही आपल्यामागे ओढते: ‘ही सेड दॅट द मोटर वॉज ऑफ.’ डेन्मार्कचे थोर व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी या प्रकाराला काळ ‘मागे सरकणे’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि तेच पुढे रूढ झाले.

आता जोडक्रियापदांकडे येऊ. ‘ब्रेक डाउन’, ‘स्विच ऑफ’, ‘कम बॅक’, ‘बर्न आउट’ यांत एक साधे क्रियापद आणि त्यामागे एक छोटा शब्द असतो, आणि दोघांचा मिळून एक अर्थ होतो. त्यांचे इंग्रजी नाव 1925 मध्ये लोगन पिअर्सल स्मिथ यांनी वापरले. हे नाव त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. जुन्या इंग्रजीत असे छोटे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी चिकटून येत, आणि ‘अंडरस्टँड’ व ‘विदस्टँड’ ही त्याच रीतीची शिल्लक आहे. मध्ययुगात ते क्रियापदामागे मोकळे उभे राहू लागले. आपल्याकडे प्रवास याच्या उलट झाला. वैदिक भाषेत उपसर्ग धातूपासून दूर किंवा त्याच्या मागेही येऊ शकत असे, याची नोंद पाणिनीने ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’ या सूत्रांत करून ठेवली आहे. नंतरच्या संस्कृतात तो धातूच्या आधी पक्का जोडला गेला. दोन भाषांनी एकाच सामग्रीची अशी उलटसुलट मांडणी करावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

या मोकळ्या शब्दाला काळ कधीही लागत नाही. काळाचा सगळा भार पहिल्या शब्दावर असतो: ‘ब्रोक डाउन’, ‘स्विच्ड ऑफ’, ‘केम बॅक’. मराठीत ‘बंद पडली’ म्हणताना काळ आणि लिंग शेवटच्या ‘पडली’वर असतात. त्यामुळे मराठी मूल वाक्याच्या शेवटाकडे कान लावून काळ शोधते, तर इंग्रजीत तो आधीच येऊन गेलेला असतो. शिवाय बोलताना सहसा जोर मागच्या शब्दावर पडतो आणि भूतकाळाची खूण दोन शब्दांच्या सांध्यात दबते. ‘स्विच्ड ऑफ’ कानाला ‘स्विच्टॉफ’ आणि ‘टर्न्ड ऑफ’ हे ‘टर्न्डॉफ’ असे ऐकू येते. ‘कट ऑफ’ आणि ‘शट डाउन’ यांत तर खूणच नसते, कारण ‘कट’ आणि ‘शट’ भूतकाळातही तसेच राहतात.

आता मूळ प्रश्न. ‘ही सेड दॅट द मोटर वॉज ऑफ’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. मुलगा बोलला तेव्हा मोटार बंद होती, म्हणजे त्याचे शब्द ‘मोटार बंद आहे’ असे होते, हा एक. आणि तो बोलण्याच्याही आधी, समजा आदल्या रात्री, मोटार बंद होती, हा दुसरा. मराठीत ‘आहे’ आणि ‘होती’ हे दोन शब्द हा फरक सांभाळतात, पण इंग्रजीच्या एका ‘वॉज’मध्ये दोन्ही मिसळून जातात. आता ‘ही सेड दॅट द मोटर ब्रोक डाउन’ हे वाक्य घ्या. येथे एकाच घटनेविषयी बोलणे असेल तर अर्थ एकच उरतो: मोटार आधी बंद पडली, मुलगा नंतर बोलला.

भूतकाळ दोन्हीकडे असताना हा फरक का पडतो? ‘बंद असणे’ ही स्थिती आहे. ती कोणत्याही एका क्षणी पूर्णपणे खरी असू शकते, म्हणून बोलण्याच्या क्षणी ‘इज ऑफ’ असे साध्या वर्तमानात म्हणता येते, आणि तो ‘इज’ मागे सरकून ‘वॉज’ होऊ शकतो. ‘बंद पडणे’ ही घटना आहे. तिला सुरुवात आणि शेवट असतो, आणि ती बोलण्याच्या क्षणात मावत नाही. म्हणूनच एकदा घडणाऱ्या घटनेसाठी त्या क्षणी ‘द मोटर ब्रेक्स डाउन’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. मूळ वर्तमानच नाही, तर मागे सरकून भूतकाळ होणार कशाचा? म्हणून ‘ब्रोक’ हा ओढून आणलेला भूतकाळ ठरत नाही, तो खराखुरा भूतकाळ असतो. याचा पडताळाही घेता येतो. ‘एसटी दर पावसाळ्यात बंद पडते’ असे कोणी म्हणाले, तर ती सवय झाली. इंग्रजी सवयीला स्थितीसारखे वागवते आणि तिथे ‘ब्रेक्स डाउन’ चालते; त्यामुळे ‘ही सेड दॅट द बस ब्रोक डाउन एव्हरी मॉन्सून’ हे वाक्य लगेच पुन्हा दुहेरी अर्थाचे होते.

यावरून ‘हॅड’ची गरजही उलगडते. ‘ब्रोक डाउन’सारख्या घटनेत क्रम आपोआप कळत असल्याने चांगले इंग्रजी लिहिणारे पुष्कळदा ‘हॅड’ गाळतात. ‘वॉज ऑफ’सारख्या स्थितीत आधीचा काळ निःसंदिग्धपणे सांगायचा असेल, तर ‘हॅड बीन ऑफ’ म्हणावेच लागते. घोकलेला तक्ता दोन्हीकडे सारखाच ‘हॅड’ लावायला सांगतो. परीक्षेत तो जरूर पाळावा, पण ती भाषेची सक्ती आहे असे मानू नये.

तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर ‘महिन्याभरात अस्खलित इंग्रजी’ अशा पाट्या लागतात आणि शेकडो जोडक्रियापदांच्या याद्या पैसे घेऊन वाटल्या जातात. यादीतून शब्दार्थ मिळतो, वाक्यातला काळ कसा ठरतो हे त्यातून कळत नाही. इंग्रजी काहींच्या ‘नशिबातच नसते’ हे तर सर्वांत घातक खूळ आहे. ‘ही सेड दॅट द मोटर इज ऑफ’ असे लिहिणाऱ्या मुलीने मराठीचा नियम काटेकोरपणे पाळलेला असतो. तिला बुद्धी कमी आहे असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

आणि तिचे हे वाक्य इंग्रजीत सर्वथा अशुद्धही नाही. ‘दॅट’नंतर वर्तमानकाळ ठेवला, तर ती गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आत्ताही खरी आहे, असे दोन्ही दावे एकदम केले जातात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासाठी पुस्तकात दिलेला ‘त्रिकालाबाधित सत्याचा अपवाद’ हे याच नियमाचे एक उदाहरण आहे. गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल आणि वायरमनने कालच तसे सांगितले असेल, तर ‘द वायरमन सेड दॅट द ट्रान्सफॉर्मर बर्न्ट आउट’ ही घटना झाली, आणि ‘इज बर्न्ट आउट’ ही तिच्यातून उरलेली स्थिती. नवी डीपी येईपर्यंत त्याचे बोलणे ‘इज’ने सांगितले तरी बरोबर आणि ‘वॉज’ने सांगितले तरी बरोबर, ती बसवून लाईन सुरू झाली की मात्र ‘वॉज’च लिहावे लागेल.