आजारातून सावरणाऱ्या अंगावरच्या बाळाच्या पोषणाची नोंद

गंभीर आजारातून उठलेले, अंगावर पिणारे बाळ पुरेसे दूध व अन्न घेत आहे का, हे वजन, लघवी, चोखण्याची ताकद आणि वरचे अन्न यांवरून नेमाने तपासून लिहिण्याची ही पद्धत आहे. मिरज किंवा सातारा येथील शासकीय रुग्णालयातून घरी सोडलेल्या बाळाच्या बाबतीत हे काम रुग्णालय, आशा व अंगणवाडी सेविका आणि आई यांच्यात वाटले जाते.

अतिदक्षता विभागात आईचे काढलेले दूध नळीवाटे पाजताना दर दोन-तीन तासांनी मिलिलिटरमध्ये लिहिले जाते. बाळ पुन्हा छातीशी लागले की हा आकडा संपतो आणि घरच्यांची धास्ती सुरू होते. अशा वेळी मिनिटे मोजून फारसे साधत नाही, कारण थकलेले बाळ स्तन तोंडात धरून झोपी जाते आणि वीस मिनिटे पाजले एवढेच वहीत उरते. गिळल्याचा आवाज येतो का, पाजल्यावर स्तन मऊ पडतो का आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होते का, या खुणा जास्त भरवशाच्या आहेत. अचूक आकडा हवाच असेल, तर पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता, संवेदनशील डिजिटल काट्यावर वजन करतात. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर दूध. मात्र एका पाजण्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण दिवसभरात दुधाचे प्रमाण बरेच बदलते.

आजारानंतरचे वजन फसवे असते. जुलाबांनी सुकलेल्या बाळाला सलाइन लावल्यावर रातोरात वाढलेले वजन हे पाण्याचे असते, पोषणाचे नव्हे. उलट अंगावर सूज असलेले बाळ सुधारू लागले की सूज उतरून वजन आधी घटते. म्हणून शरीरातील पाणी पूर्ववत झाल्यानंतरचे वजनच आरंभीचे धरावे. तीव्र कुपोषणातून सावरणाऱ्या बाळाची वाढ दर किलोमागे दररोज ५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती अपुरी आणि १० ग्रॅमपेक्षा अधिक असल्यास चांगली मानतात. उदाहरणार्थ, ६ किलोचे बाळ आठवड्यात ४२० ग्रॅमने वाढले, तर हा दर १० ग्रॅम येतो.

जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील काही कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. तेव्हा एक वजन गावच्या अंगणवाडीत, पुढचे फडाजवळच्या, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेताजवळच्या, गावात होते. दोन काट्यांमधला फरक बाळाच्या खात्यात जमा होऊ नये, यासाठी माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाबरोबर ठिकाण लिहिणे इष्ट ठरते. तोडणी मजुरांच्या टोळीबरोबर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या आईजवळ हे कार्ड असणे त्याहून महत्त्वाचे.

सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी, गुटी वा पेज देऊ नये. ‘दूध आटले’ म्हणून घाईने बाटली लावली की चोखणे घटते आणि दूध खरोखरच कमी होते. सहा महिन्यांनंतर स्तनपान चालू ठेवून आजारानंतर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. नोंदीत नुसते ‘पेज दिली’ असे लिहिणे अपुरे होय, कारण चमच्यावरून ओघळणारी नाचणीची पेज पोट भरते पण ऊर्जा थोडी देते. चमच्यावर ठरणारा मऊ भात, घट्ट मुगाचे वरण आणि वर तूप हे त्याहून सरस अन्न आहे.

बाळ चोखेनासे झाले, सुस्त पडले, लघवी रोडावली किंवा प्रत्येक वेळी उलटी होऊ लागली, तर पुढच्या वजनाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. ६ ते ५९ महिन्यांच्या बालकात दंडघेर (दंडाच्या मध्यावरचा घेर) ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. दंडघेर कमी भरल्यामुळे उपचार सुरू झाले असतील, तर तो १२५ मिलिमीटर किंवा अधिक होऊन, सूज नसताना, किमान दोन आठवडे टिकल्यावर उपचार थांबवतात. उंची मात्र वजनामागून सावकाश सुधारत असल्याने तिची नोंद पुढेही चालू राहते.