आउटगोइंग मेल क्यूमध्ये का अडकतात, त्यामागचा इतिहास

तक्रार नेहमी एकाच प्रकारची येते, "मेल पाठवलाय, सेंटमध्ये दिसतोय, पण समोरच्याला मिळालाच नाही", आणि अ‍ॅडमिन सर्व्हरवर जाऊन बघतो तर क्यूमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलच्या रांगेत, शेकडो मेल डिफर्ड होऊन (नंतर परत प्रयत्न करू म्हणून थांबून) पडलेले. मग बहुतेक जण आधी सर्व्हिस रीस्टार्ट मारतात, नाहीतर क्यू फ्लश करतात, म्हणजे थांबलेले सगळे मेल लगेच परत पाठवायला लावतात. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी हा डिफर्ड प्रकार मुळात आला कुठून ते बघा. कारण समोरचा सर्व्हर आकड्यात जे उत्तर देतो, त्यातल्या ४ ने सुरू होणाऱ्या उत्तराचा अर्थ गेल्या चाळीस वर्षांत बदललाय. आधी तो "मला आत्ता जमत नाहीये" असा होता, आता बऱ्याच वेळा तो "तुझ्यावर अजून भरवसा नाही" असा असतो, आणि दोन्हींवरचे उपाय एकदम वेगळे आहेत.

सुरुवातीला मेल लगेच पोचेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. बेल लॅब्जमधून आलेल्या यूयूसीपी पद्धतीत एक मशीन दुसऱ्याला फोन लावायचं, साठलेले मेल द्यायचं, तिकडचे घ्यायचं, बहुतेक वेळा रात्री, कारण तेव्हा कॉल स्वस्त पडायचा. आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्क प्रकल्पात जुहूच्या एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधन संस्था) आणि पवईच्या आयआयटीमध्ये डायल-अपवर यूयूसीपीनेच मेलची देवाणघेवाण चालायची. लाइन लागली की मेल निघणार, तोपर्यंत स्पूलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या साठ्यात. म्हणजे थांबणं हा बिघाड नव्हता, कामाची पद्धतच ती होती.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज), म्हणजे एसएमटीपी, एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायची पद्धत, आणि आज लॉगमध्ये दिसणारे आकडे तिथलेच. २ म्हणजे झालं, ४ म्हणजे तात्पुरती अडचण, नंतर ये, ५ म्हणजे होणार नाही, परत येऊ नकोस. ४२१ सेवा उपलब्ध नाही, ४५० मेलबॉक्स आत्ता मोकळा नाही, ४५१ माझ्याकडेच काहीतरी चुकलं, ४५२ जागा संपली. सगळी कारणं समोरच्या मशीनच्या तब्येतीची आहेत बघा, पाठवणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आणि एकदा सर्व्हरने २५० म्हणून मेल घेतला की जबाबदारी त्याची, पोचवायचा तरी नाहीतर पाठवणाऱ्याला कळवायचं तरी, मध्येच गायब करायचा नाही. ईमेल इतकी वर्षं टिकलाय तो या नियमामुळे असं मला मनापासून वाटतं.

पण किती वेळाने परत जायचं आणि कधी नाद सोडायचा, हे तेव्हा आकड्यांत ठरलेलं नव्हतं. त्याच काळात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यात एक क्यूची डिरेक्टरी आणि अ‍ॅडमिन ठरवेल तेवढ्या वेळाने, कुठे पंधरा मिनिटांनी, कुठे तासाने, तिच्यावरून जाणारा क्यू रनर. जानेवारी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ ने एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे एखाद्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरना द्यायचा याच्या नोंदी, आणले, त्यामुळे मुख्य सर्व्हर बंद असला तर मेल दुसऱ्याकडे ठेवता यायला लागला, पण आता डीएनएसने (या नोंदी आणि पत्ते सांगणारी यंत्रणा) उत्तर दिलं नाही तरी मेल थांबणार असा एक नवा अडसरही तयार झाला.

आकडे आले ते ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये. दोन प्रयत्नांत किमान ३० मिनिटांचं अंतर, पहिल्या तासात दोनदा प्रयत्न, मग दर दोन-तीन तासांनी एकदा, आणि सोडून द्यायच्या आधी किमान ४-५ दिवस. शनिवार-रविवार मशीन बंद राहिलं तरी मेल तगेल एवढा तो वेळ. शिवाय कनेक्शननंतर पहिल्या उत्तरासाठी ५ मिनिटं आणि डेटा संपल्यावर पावतीसाठी १० मिनिटं थांबायचं हेही तिथेच ठरलं, म्हणजे एखादा मुका सर्व्हर तुमच्या प्रोसेसला आरामात अडवून ठेवू शकतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये हेच आकडे जवळपास तसेच आहेत. चार तासांनी येणारी "मेल अजून गेला नाही, पाच दिवस प्रयत्न करत राहू" ही सूचना सेंडमेलमधून लोकांच्या ओळखीची झाली, आणि अजूनही लोक ती बघून घाबरतात, तर काही जण ती वाचून सगळा मेल परत पाठवतात आणि मग समोरच्याला एकच मेल दोनदा मिळतो.

नव्वदच्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांचं क्यूमेल, केंब्रिजमधल्या फिलिप हेझल यांचं एक्झिम आणि १९९८ मध्ये विट्से व्हेनेमा यांचं पोस्टफिक्स ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर आली. यांनी सगळ्यांना एकच वेळापत्रक लावण्याऐवजी प्रत्येक मेलचं किंवा प्रत्येक ठिकाणाचं वेगळं गणित मांडलं. पोस्टफिक्स आज डिफॉल्टमध्ये पहिल्या अपयशानंतर ३०० सेकंद थांबतं, मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतं, आणि ५ दिवसांनी मेल परत करतं. एक्झिमचं नेहमीचं कॉन्फिग पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, मग अंतर दीडपट करत, शेवटी दर ६ तासांनी, असं ४ दिवस चालतं. हे वाढतं अंतर मुद्दाम आहे, न जाणाऱ्या मेलनी जाणाऱ्या मेलची वाट अडवू नये म्हणून. सारखा फ्लश मारणारा माणूस नेमकी हीच सोय मोडतो, पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्येच इशारा दिलाय की न जाणारे मेल वारंवार फ्लश केले तर बाकीच्या सगळ्या मेलची डिलिव्हरी मंदावते.

आणि मग स्पॅम. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंगची कल्पना मांडली. पाठवणाऱ्याचा आयपी, पाठवणारा पत्ता आणि मिळणारा पत्ता ही तिकडी पहिल्यांदा दिसली की समोरचा सर्व्हर ठणठणीत असूनही तात्पुरती अडचण आहे असं सांगायचं. स्पॅमवाल्यांची सॉफ्टवेअर परत यायची नाहीत, खरे सर्व्हर आरएफसीप्रमाणे परत यायचे. युक्ती हुशारीची होती आणि तेव्हा चाललीही खूप. पण इथेच ४ चा अर्थ फिरला. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट थांबा ३०० सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटांत संपणारा ओटीपी ग्रेलिस्टिंगमध्ये सापडला की मेल पोचतो पण कामाचा राहत नाही, आणि मोठ्या सर्व्हिसेस दर प्रयत्नाला वेगळ्या आयपीवरून आल्या की तिकडी दरवेळी नवीनच, मग तास-तास जातो. माझ्या मते आज ओटीपी आणि बँकेचे मेल येणाऱ्या सर्व्हरवर सरसकट ग्रेलिस्टिंग ठेवणं चूक आहे.

पुढे मोठ्या प्रोव्हायडर्सनी हेच हत्यार जास्त बारकाईने वापरलं. तुमच्या आयपीची पत खालावली, लोकांनी स्पॅम म्हणून रिपोर्ट केलं, अचानक मेलची संख्या वाढली, की थेट नकार न देता ४२१ देऊन वेग कमी करायचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवायच्या पद्धती, सक्तीचं केलं (जीमेलच्या हिशोबात रोज ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल), तेव्हाही जीमेलने आधी नियम न पाळणाऱ्यांच्या थोड्या मेलवर तात्पुरती एरर द्यायला सुरुवात केली आणि नकार एप्रिलपासून. म्हणजे ती डिफर्ड लाइन ही चक्क नोटीस होती, आणि ज्यांनी लॉग वाचला नाही त्यांना ती दिसलीच नाही.

हा फरक ओळखायची सोय १९९६ सालीच आरएफसी १८९३ ने करून ठेवलीये, तीन भागांचा कोड. मधला आकडा बघायचा. ४.४ ने सुरू होत असेल तर नेटवर्क किंवा रूटिंग, ४.२.२ म्हणजे समोरची मेलबॉक्स भरली, ४.३ समोरच्या सिस्टिमची अडचण, आणि ४.७ म्हणजे धोरण, इथे तुमच्याबद्दलच शंका आहे. ४.४ असेल आणि सगळ्याच डोमेनला कनेक्शन टाइम आउट होत असेल तर आधी पोर्ट २५ (सर्व्हर ते सर्व्हर मेल जायचा दरवाजा) बघा, बरेच क्लाउडवाले तो बाहेर जाताना बंद ठेवतात. ४.७ दिसला तर फ्लश अजिबात नको, दर फ्लशला तुम्ही त्याच दारावर अजून जोरात धडका देता आणि पत अजून खाली जाते. आधी कुठल्या अकाउंटचा पासवर्ड फुटून त्यातून स्पॅम जातंय का ते शोधा, ते मेल होल्डमध्ये टाका (क्यूतच रोखून ठेवा), एसपीएफ-डीकेआयएम-रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तपासा, त्या एका डोमेनला जाणाऱ्या एकावेळच्या कनेक्शनची संख्या कमी करा आणि मग थांबा.

आणि कोडच नसेल, मेल जातोय पण रमतगमत, तर पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये डिलेज म्हणून तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात ते वाचा. पहिला क्यू मॅनेजरकडे (क्यू हाकणारा भाग) पोचेपर्यंतचा वेळ, दुसरा क्यू मॅनेजरमध्ये गेलेला, तिसरा डीएनएस, कनेक्शन आणि टीएलएसचा (एन्क्रिप्शनचा), चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा. पहिला मोठा असेल तर आपल्याच फिल्टरवर किंवा डिस्कवर संशय घ्या, पण मेल आधी डिफर्ड झाला असेल तर क्यूत पडून राहिलेला वेळही त्यातच मोजला जातो हे लक्षात ठेवा. दुसरा मोठा म्हणजे गर्दी आपल्याच क्यूमध्ये आहे, बहुतेक वेळा एखाद्या डोमेनसाठी साठलेल्या न्यूजलेटरमुळे. तिसरा मोठा आणि सगळ्या डोमेनना सारखाच असेल तर रिझॉल्व्हरच्या (आपल्या मशीनवरून डीएनएसला विचारणाऱ्या भागाच्या) यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर जिवंत आहे का ते आधी बघा. ओटीपीसारख्या मेलसाठी मात्र पोस्टफिक्सचा वेगळा इन्स्टन्स (स्वतंत्र चालणारी प्रत) काढून क्यूचं आयुष्य पाच दिवसांवरून काही मिनिटांवर आणा, १९८९ चा तो आकडा अशा मेलसाठी कधी ठरलेलाच नव्हता.