बोर्डो मिश्रण

मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना पाण्यात एकत्र करून तयार होणारे ताम्रयुक्त बुरशीनाशक. विदर्भात ते प्रामुख्याने संत्रा-मोसंबीच्या बागांत वापरले जाते. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर झाडांच्या बुंध्यांना दिसणारा निळसर पांढरा लेप हे त्याचेच घट्ट रूप असून त्यास बोर्डो मलम म्हणतात.

मिश्रणाच्या शोधाचे श्रेय फ्रान्समधील बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिले जाते. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बोर्डोजवळच्या मेदोक भागातील बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपीत. त्याच वेलींची पाने केवडा या रोगापासून वाचल्याचे मिलार्दे यांना १८८२ च्या सुमारास आढळले आणि १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. तथापि रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांचा प्रयोगांतील वाटा मोठा होता, आणि तांब्यामुळे गव्हावरील काणी या रोगाच्या बीजाणूंचे अंकुरण थांबते हे प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच दाखविले होते. त्यामुळे मिलार्दे यांना मूळ तत्त्वाचे नव्हे, तर बागेत वापरता येईल अशा कृतीचे जनक मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संत्र्याच्या सालीतून डिंक पाझरविणाऱ्या डिंक्या रोगास कारणीभूत असणारा फायटोफ्थोरा आणि द्राक्षावरील केवड्याचा कारक हे दोन्ही खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणाऱ्या गटातील आहेत. लेपातून हळूहळू सुटणारे तांबे हे बीजाणू रुजण्याआधीच मारते. सालीच्या आत शिरलेला रोग मात्र त्याने बरा होत नाही. विदर्भात जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर बांधलेल्या कलमांना डिंक्या लवकर ग्रासतो, आणि भारी काळ्या जमिनीत पाणी बुंध्याशी साचले तर मलम लावूनही झाड वाचेलच असे नाही. निचऱ्याचा चर आणि बुंध्याला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे यांची जागा मलम घेऊ शकत नाही.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यास घेतात. मलमासाठी पाणी १० लिटर असते. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत करून, चुना निवल्यावर, गाळून एकत्र ओततात. लोखंडी भांडे चालत नाही, कारण तांबे लोखंडावर बसते. याच गुणधर्मावर बागेतली परीक्षा आधारलेली आहे: घासून लखलखीत केलेला विळा मिनिटभर मिश्रणात बुडवावा, पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. हे टाळल्यास कोवळी पालवी करपते. मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते, कारण ठेवल्यास कण जाड होऊन पानाला चिकटत नाहीत.

मिश्रणाचा लाभ आणि धोका एकाच गोष्टीतून येतात: तांब्याचे विघटन होत नाही. मोरचुदात सुमारे पाव हिस्सा तांबे असते. म्हणजे १०० लिटर फवारणीतून २५० ग्रॅम तांबे बागेत पडते, आणि त्यातले बरेचसे वरच्या मातीत साचते. अतिसंचयाने गांडुळे व मातीतील सूक्ष्मजीवांना अपाय होतो. युरोपीय संघाने म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय शेतीत हे मिश्रण मर्यादित प्रमाणात चालते, यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. बुंध्यापुरता लेप पुरेसा असताना सर्व झाडावर वारंवार फवारणी करणे म्हणूनच समर्थनीय वाटत नाही. संत्रे सोलून खाल्ले जात असल्याने खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्यास धोका अधिक असतो. पोर्तुगालमधील द्राक्षबागांत वर्षानुवर्षे हे मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा विशिष्ट विकार १९६९ मध्ये नोंदला गेला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये शेतकरी व मजुरांचे बळी घेणारी विषबाधा कपाशीवरील कीटकनाशकांची होती, या मिश्रणाची नव्हे; परंतु तोंडावर फडके नसणे, वारा समोरून येत असताना त्याच्या विरुद्ध फवारणे या सवयी येथेही घातकच आहेत. चुना विझविताना उडणाऱ्या शिंतोड्यांनी डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. मोरचूद पोटात गेल्यास उलट्या होऊन यकृत व मूत्रपिंड निकामी होण्याचा संभव असतो, आणि त्याचे निळे खडे खडीसाखरेसारखे चमकत असल्याने पुडी घरात, मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. तांबे माशांस अत्यंत विषारी असल्यामुळे उरलेले मिश्रण नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये.